शाळेची धुरा: आजीव सभासदांपासून ज्येष्ठता यादीपर्यंत

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या मराठी शाळांपैकी बहुतेक शाळांत, मुख्याध्यापकांच्या दालनात प्रवेश केला असता, आजवर त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तींची नावे व त्यांच्या कारकिर्दीची वर्षे रंगवलेला एक लाकडी फलक दृष्टीस पडतो. अंधेरी असो वा बोरिवली, मुलुंड असो वा घाटकोपर, शाळेचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम या फलकाकडे वळतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. परंतु शाळा ही एका व्यक्तीच्या हुकमतीने चालणारी कचेरी नसल्यामुळे, ज्यांनी वेळापत्रक आखले, परीक्षा पार पाडल्या, देणग्यांसाठी दारोदार पायपीट केली आणि शिक्षकांच्या सभेत प्रसंगी मुख्याध्यापकांचा निर्णय बदलावयास लावला, अशा माणसांच्या कर्तृत्वाचा वृत्तांत त्या फलकावर येत नाही. शाळेची धुरा अनेकांनी मिळून वाहण्याची ही रीत महाराष्ट्रात जवळजवळ दीडशे वर्षांची जुनी आहे. नेतृत्वाच्या विभागणीविषयी आज जे काही नव्याने सांगितले जाते, त्याचा फार मोठा अंश आपल्याच शिक्षणसंस्थांनी एके काळी आचरून पाहिला होता, त्याचे लाभ घेतले होते आणि त्याची किंमतही मोजली होती.

या रीतीचे मूळ पुण्यात आहे. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीचा त्याग करून न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा त्यांच्या समवेत बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी होते. वामन शिवराम आपटे त्याच वर्षी येऊन मिळाले आणि पुढच्या वर्षी गोपाळ गणेश आगरकर दाखल झाले. या मंडळींत वयाचे वा पदवीचे अंतर असले तरी मालक आणि नोकर असे नाते नव्हते. शाळेच्या दैनंदिन व्यवस्थेची सूत्रे आपट्यांकडे होती, आणि शिस्तीचा व अध्यापनाचा लौकिक ज्यांच्यामुळे वाढला ते आपटे पुढे संस्कृत कोशकार म्हणून सर्व भारतात मान्यता पावले. गणित व संस्कृत टिळकांनी शिकवावे. बाहेर हिंडून संस्थानिकांकडून व धनिकांकडून द्रव्य आणावे ते नामजोशींनी. ज्याच्या अंगी जो गुण, त्याच्याकडे ते खाते, आणि खाते ज्याचे त्याच्याकडे असले तरी महत्त्वाचा निर्णय सर्वांनी एकत्र बसून करावयाचा, असा या कारभाराचा अलिखित दंडक होता.

त्याची कसोटी १८८२ मध्ये लागली, आणि ती अशी की एकाच वर्षात शाळेने आपले प्रमुख स्तंभ गमावले. मार्चमध्ये चिपळूणकर वारले. आणि कोल्हापूर संस्थानच्या कारभाराविषयीच्या लिखाणावरून याच मंडळींच्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांवर झालेल्या खटल्यात टिळक व आगरकर यांस शिक्षा होऊन ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. एका संस्थापकाच्या तेजावर जगणारी शाळा अशा आघाताने मोडली असती. परंतु न्यू इंग्लिश स्कूलचे वर्ग चालू राहिले, आपट्यांनी व इतर सहकाऱ्यांनी कारभार सांभाळला, आणि त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी या शाळेची वाखाणणी केली. धुरा अनेक खांद्यांवर असण्याचा अर्थ काय, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा या अलिखित दंडकाला घटनेचे स्वरूप आले. शिक्षकांपैकी ज्यांनी २० वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन दिले, ते आजीव सभासद झाले. मोठ्या प्रश्नांसाठी प्रतिष्ठित गृहस्थांचे नियामक मंडळ होते. तथापि शाळेचा व कॉलेजचा प्रत्यक्ष कारभार, नेमणुका, विषयवाटप आणि खर्च हे सारे आजीव सभासदांच्या मंडळाच्या विचाराने चालावयाचे होते. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी या शाळेत शिक्षक म्हणून आले, आजीव सभासद झाले आणि दरमहा ७५ रुपये वेतनावर त्यांनी हे व्रत पत्करले. ज्यांस सरकारी खात्यात याहून कितीतरी अधिक तनखा मिळाला असता, अशा विद्वानांनी समान अल्पवेतन स्वीकारल्यामुळे त्यांना समान मताधिकार मागता आला. अधिकाराच्या विभागणीस त्यागाच्या विभागणीचा आधार होता, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे सारे बळ येथे होते.

परंतु जेथे सर्वांस मत असते, तेथे मतभेदही सर्वांचाच असतो. टिळकांच्या मनात जेझुइट पाद्र्यांच्या संघाचा आदर्श होता: निर्वाहापुरते घ्यावे, उरलेला सर्व वेळ व सर्व कमाई संस्थेस अर्पण करावी. आगरकर, गोखले प्रभृतींचे म्हणणे असे की संस्थेचे नेमून दिलेले काम चोख बजावल्यावर उरलेल्या वेळात सभासदाने ग्रंथ लिहावेत, सार्वजनिक कामे करावीत, त्यास प्रत्यवाय असू नये. गोखल्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले तेव्हा हा वाद विकोपास गेला आणि १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी विस्तृत निवेदन देऊन राजीनामा दिला. या घटनेकडे दोन थोर पुरुषांच्या कलहाची कथा म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. शाळेच्या कारभाराच्या दृष्टीने पाहू गेल्यास तिचा बोध निराळा आहे. सहकाऱ्यांनी धुरा वाटून घ्यावयाची तर कोणी किती वेळ व किती कष्ट द्यावयाचे याचा करार आरंभीच स्वच्छ व्हावयास हवा. तो मोघम राहिला तर सर्वांत निष्ठावान माणसेच प्रथम दुरावतात. टिळकांची जागा रिकामी झाल्यावर १८९१ मध्ये गणित शिकवावयास मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले, आणि संस्था चालू राहिली.

या परंपरेतील सर्वांत उन्नत प्रसंग १९०२ चा आहे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परत येऊन आजीव सभासद झाले आणि वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदावर त्यांची योजना झाली. मंडळात त्यांच्याहून वयाने व सेवेने ज्येष्ठ असे सभासद होते. स्वतः कर्वे होते, ज्यांनी रघुनाथाच्या बालपणी त्यास मुंबईत आपल्या घरी ठेवून त्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली होती. ज्यास आपण वाढविले, त्याच्या हाताखाली कर्व्यांनी १९१४ पर्यंत अध्यापन केले, आणि त्याच काळात हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाचा प्रपंचही चालविला. प्राचार्यपद हा सन्मान किंवा वारसा मानलेला नसून मंडळाने एका सभासदाकडे सोपविलेले काम मानलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

आता उपनगरांकडे वळू. साष्टी बेटाचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला, तेव्हा अंधेरी, पार्ले, घाटकोपर ही भातशेती, वाड्या व आमराया यांमध्ये विसावलेली लहान वस्तीची गावे होती. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा न मिळालेला किंवा मोकळ्या हवेसाठी बाहेर पडलेला कारकून, शिक्षक, वकील असा मध्यमवर्ग तेथे येऊन राहू लागला होता. १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागल्यावर या स्थलांतरास वेग आला. घर झाले, देऊळ झाले, आणि त्यानंतर पहिली मागणी आली ती मुलांच्या शाळेची. लोकमान्य टिळकांच्या निधनास वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, जून १९२१ मध्ये, पार्लेकर नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय सुरू केले. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. आणि पुढे १९५९ मध्ये याच संस्थेने पार्ले कॉलेज काढले.

ज्या पुरुषाने शिक्षकांच्या स्वायत्त मंडळासाठी आपली उमेदीची दहा वर्षे वेचली, त्याचे नाव धारण करणारी ही शाळा घटनेच्या दृष्टीने मात्र पुण्याच्या नमुन्याहून निराळ्या वळणाची झाली, आणि उपनगरांतील पुढच्या बहुतेक मराठी शाळा याच वळणावर गेल्या. पुण्यात शिक्षकांनी संस्था काढली होती. उपनगरांत पालकांनी व नागरिकांनी संस्था काढून शिक्षक नेमले. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार ही पदे नागरिकांकडे राहिली, शिक्षक पगारदार झाले आणि त्या दोहोंमधला दुवा म्हणून मुख्याध्यापकास असे महत्त्व आले की जे आपट्यांसही कधी नव्हते. जागा, इमारत, वर्गणी यांचा भार गावाने उचलला, हा या पद्धतीचा मोठा गुण होता. परंतु कारभाराची चर्चा शिक्षकदालनातून उठून कार्यकारी मंडळाच्या बैठकीत गेली, हे तिचे मूल्य होते.

याच जिल्ह्यात, वांद्र्यास, जेझुइटांची सेंट स्टॅनिस्लॉस ही शाळा १८६३ पासून उभी होती. टिळकांनी ज्या संघाचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवला, त्याची पद्धत अशी की शाळेचा प्रमुख वरिष्ठांच्या आज्ञेने येतो, ठराविक मुदत संपली की तितक्याच निमूटपणे दुसऱ्या कामावर रुजू होतो, आणि काल प्रमुख असलेला धर्मगुरू आज साधा वर्ग घेऊ लागला तरी त्यात कोणास अपमान वाटत नाही. मात्र तेथे नेमणूक वरून होते. पुण्याच्या मंडळात ती आतून होत असे. उपनगरांतील नागरी शाळांनी या दोन्हींपैकी एकही वाट धरली नाही. त्यांच्या मुख्याध्यापकास बहुधा नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर राहावयाचे होते.

स्वातंत्र्यानंतर उपनगरांचा कायापालट झाला. १९५० मध्ये अंधेरी व कुर्ला, आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड हे भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. फाळणीनंतरचे निर्वासित, कोकणातून व घाटावरून आलेले कामगार, कारखान्यांच्या वसाहती, गृहनिर्माण मंडळाच्या चाळी यांनी रिकामे माळ भरून गेले. शाळांच्या इमारती तेवढ्याच राहिल्या आणि मुले मात्र कित्येक पटींनी वाढली. यातून मार्ग काढण्यासाठी शाळा दोन पाळ्यांत भरू लागली: सकाळी एक, दुपारी दुसरी. सकाळी सातला फाटक उघडणारा आणि संध्याकाळी सहाला शेवटची तुकडी बाहेर सोडणारा मनुष्य एकच असणे शक्य नव्हते. म्हणून उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक ही पदे उपनगरी शाळांत केवळ शोभेची न राहता अत्यावश्यक ठरली. एखाद्या पाळीपुरता पर्यवेक्षक हाच शाळेचा प्रत्यक्ष प्रमुख असे: उशिरा येणाऱ्या मुलास तोच वर्गात घेई, गैरहजर शिक्षकाच्या तासाला बदली तास तोच लावी, टाचणवहीवर सही तोच करी आणि तक्रार घेऊन आलेल्या पालकापुढे संस्थेच्या वतीने तोच उभा राही.

यापलीकडेही सत्तेची एक सूक्ष्म विभागणी शाळेच्या अंतरंगात होत गेली, आणि तिचा उल्लेख कोणत्याही अहवालात क्वचितच सापडतो. वर्षारंभी शिक्षकसभा भरे आणि त्यात विषयप्रमुख, परीक्षाप्रमुख, ग्रंथालय, स्नेहसंमेलन, सहल, हस्तलिखित, क्रीडा अशा खात्यांची वाटणी होई. वेळापत्रक करणारा शिक्षक हा बाहेरच्यास किरकोळ वाटला तरी शाळेतील शांततेची किल्ली त्याच्याकडे असे. कोणाला पहिला तास, कोणाला शेवटचा, कोणाला लागोपाठ चार तास, यात त्याने पक्षपात केला तर वर्षभर धुसफूस चाले आणि त्याने न्याय केला तर त्याच्या शब्दास मुख्याध्यापकांच्या शब्दाइतके वजन येई. १९७५ मध्ये अकरावीची जुनी शालान्त परीक्षा मागे पडून दहावीची पहिली परीक्षा झाली, तेव्हा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व अध्यापनपद्धती यांत एकाच वेळी झालेला पालट ज्यांनी वर्गापर्यंत नेला, त्यांत गणित-विज्ञानाच्या विषयशिक्षकांचा वाटा फार मोठा होता. नवे गणित जो स्वतः शिकून सहकाऱ्यांस समजावून देऊ शके, तो वयाने लहान असला तरी त्या विषयापुरता सर्वांचा पुढारी ठरे.

हा सारा व्यवहार संकेतांवर चालत होता, आणि संकेतांचा दोष असा की ते सज्जनांच्या हाती शोभतात व लहरी माणसाच्या हाती निरुपयोगी होतात. अनेक खाजगी संस्थांत कार्यवाहाच्या मर्जीने शिक्षकांस काढले जाई, आप्तास वरच्या पदावर बसविले जाई, पगाराच्या पावतीवर एक रक्कम आणि हाती दुसरी पडे. या जुलमाविरुद्ध शिक्षकांच्या संघटना वर्षानुवर्षे लढल्या आणि महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा व त्याखालील १९८१ ची नियमावली ही त्या लढ्याची फलश्रुती होय. १५ जुलै १९८१ पासून हा कायदा अमलात आला. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की अर्हता व समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकास ती द्यावी, असा नियम झाला. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करणे व तिच्यावरील हरकती ऐकणे संस्थेस बंधनकारक झाले. आणि शालासमितीत मुख्याध्यापक हे पदसिद्ध चिटणीस, तर कायम शिक्षकांचा प्रतिनिधी हा ज्येष्ठतेच्या क्रमाने आळीपाळीने बसणारा सभासद, अशी तजवीज करण्यात आली.

या कायद्याने शिक्षकास जी सुरक्षितता दिली, तिच्याविषयी कृतज्ञ राहणे हे प्रत्येक विचारी माणसाचे कर्तव्य आहे. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की नेतृत्व हा निवडीचा व जबाबदारीचा प्रश्न न राहता क्रमाचा प्रश्न झाला. आजच्या नियमांखाली १९०२ चे परांजपे कित्येक वर्षे यादीत वाट पाहत राहिले असते. निवृत्तीचे वय ५८ असल्याने ज्याचा क्रम लागे त्यास पुष्कळदा दोन-तीन वर्षेच, कधी काही महिनेच, कारभार पाहावयास मिळे. खात्याकडे मान्यतेचे प्रस्ताव पाठविण्यात व वेतनेतर अनुदानाचा हिशेब लावण्यातच ती मुदत सरून जाई. अल्पसंख्याकांच्या शाळांस प्रमुख निवडण्याची मोकळीक कायद्यानेच ठेवली असल्याने वांद्र्याच्या मिशनरी शाळा किंवा घाटकोपर-मुलुंडकडील गुजराती संस्था यांस हा प्रश्न त्या स्वरूपात भेडसावला नाही. मराठी शाळांत मात्र वरची खुर्ची वारंवार बदलत असताना शाळेची स्मृती, शिस्त आणि नाव ज्यांनी सांभाळले, ते पर्यवेक्षक, वर्गशिक्षक व खातेप्रमुख होते. अधिकृत नेतृत्व जितके अल्पायुषी झाले, तितकी सामायिक नेतृत्वाची गरज वाढली. आणि नियमावलीत त्या सामायिक नेतृत्वास शालासमितीतील एका खुर्चीपलीकडे स्थान नव्हते.

आज परिस्थिती अधिक कठीण आहे. उपनगरांतील मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत आहेत. पटसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेस मंजूर होणारी पदे, ठरते, आणि पट उतरला की प्रथम शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग पर्यवेक्षकाचे व उपमुख्याध्यापकाचे पद जाते. पद गेले तरी काम जात नाही. परीक्षा घ्याव्याच लागतात, पालकांस भेटावेच लागते, वेळापत्रक करावेच लागते. ते करणाऱ्यास आता पदनाम नसते, भत्ता नसतो, आणि निर्णयात मत असतेच असे नाही. सहकाऱ्यांवर कामे सोपवून त्यास नेतृत्वाची विभागणी म्हणणे ही फसवणूक आहे, मग ती कितीही सद्हेतूने केलेली असो. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली, त्यात माध्यमिक शाळेने आसपासच्या प्राथमिक शाळांच्या शिक्षकांसह एकत्र विचार करावा असे होते, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तिचे पुनरुज्जीवन केले आहे. परंतु शाळेच्या आतच जर एकत्र विचार होत नसेल, तर शाळांच्या समूहात तो कोठून येणार?

या दीडशे वर्षांच्या वृत्तांतातून मला तीन गोष्टी निर्विवाद दिसतात. धुरा वाटावयाची तर हिशेबही उघडा करावा लागतो. न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींस आपल्या शाळेच्या तिजोरीत काय आहे हे ठाऊक होते, म्हणून ते कमी घेण्यास तयार झाले. कोणाकडून किती वेळ अपेक्षित आहे, हे आधी लिहून ठेवावे लागते. ते न केल्याची किंमत १८९० मध्ये मोजून झाली आहे. आणि ज्येष्ठाने कनिष्ठाच्या हाताखाली, त्याच्या विषयापुरते वा खात्यापुरते, काम करण्यात कमीपणा मानू नये. कर्व्यांनी तो मानला नाही. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. शालासमितीत आळीपाळीने बसणाऱ्या शिक्षकाने आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकून घेऊन बैठकीस जावे, परत येऊन शिक्षकसभेत वृत्तांत द्यावा, सभेचे इतिवृत्त लिहिले जावे व ते पुढच्या सभेत वाचले जावे, वर्षाचा जमाखर्च शिक्षकदालनात सर्वांच्या माहितीसाठी ठेवला जावा, एवढे उद्यापासून करता येण्याजोगे आहे. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या ज्या शाळेत हे होईल, तेथे मुख्याध्यापक दोन वर्षांनी बदलोत वा सहा महिन्यांनी, मुलांचे शिक्षण त्या बदलाने खंडित होणार नाही. आणि मराठी शाळा टिकवावयाच्या असतील तर प्रथम त्यांतील शिक्षकांस त्या आपल्या वाटल्या पाहिजेत, हे सत्य आपण कितीही टाळले तरी टळण्यासारखे नाही.